खुडुक कोंबडी आणि उबवणीचें यंत्र

‘कोंबडी खुडुक झाली’ हें वाक्य मराठी खेड्यांत पूर्वीं शुभवार्तेसारखें बोललें जाई. अंडीं घालण्याचें थांबवून, पिसें फुगवून, एकाच कोपऱ्यांत ठाण मांडून बसलेली आणि हात लावूं गेल्यास चोंच मारणारी कोंबडी दिसली, कीं लौकरच अंगणांत दहा-बारा पिलें फिरूं लागणार हें घरांतील लहान मुलासही कळे. अंड्यांच्या आजच्या मोठ्या धंद्यांत मात्र तोच खुडुकपणा दोष मानला जातो, आणि तो दोष नसलेल्या कोंबड्याच तेथें निवडून पाळल्या जातात. एका शब्दाच्या मोलांत पडलेलें हें अंतर म्हणजेच अंडीं उबविण्याच्या विद्येचा अर्वाचीन इतिहास होय. पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके तो समजून घेण्यास सोयीचे आहेत. कारण रवणीची टोपली आणि विजेचें यंत्र या दोहोंचा अनुभव या मुलखानें घेतला आहे.

घोड नदीच्या कांठचें शिरूर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांच्या पलटणीचें ठाणें होतें. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवीं पेशव्यांच्या फौजेशीं लढलेली तुकडी येथूनच निघाली होती. भीमेच्या कांठचें दौंड वाढलें तें आगगाडीमुळें. १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि तें मोठें जंक्शन बनलें. परंतु छावणी आणि आगगाडी यांपलीकडचा सारा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला, ज्वारी-बाजरीचा. पाऊस थोडा आणि तोही बेभरंवशाचा. अशा प्रदेशांत पीक बुडालें तरी सांडलेला दाणा, किडामुंगी व उकिरडा यांवर जगणारी कोंबडी हा गरिबाच्या घरचा एक आधार होता. ब्राह्मण, जैन, लिंगायत अशीं घरें सोडल्यास दोन-चार कोंबड्या बहुतेकांच्या दारीं असत. त्या पाळी घरची बाई, आणि त्यांचा पैसाही बहुधा तिच्याच हातीं राही. मीठ-मिरची, बांगड्या, मुलाचें औषध, पाहुण्याचा पाहुणचार, जत्रेंतला नवस हें सारें त्यांतूनच निघे. म्हणून रवण साधणें वा फसणें ही त्या बाईच्या दृष्टीनें किरकोळ गोष्ट नव्हती.

कोंबडी रवणीस बसविण्याची रीत ठरलेली असे. टोपलींत तळाशीं राख पसरावयाची, म्हणजे पिसवा-गोचिडांचा त्रास होत नाहीं. तीवर पेंढा वा भुसा घालून मधोमध खळगा करावयाचा आणि कोंबडीच्या अंगाखालीं पुरतीं झांकतील तेवढींच, दहा-बारा, अंडीं त्यांत मांडावयाचीं. टोपली अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवीत. ढगांच्या गडगडाटानें अंडीं नासतात या समजुतीनें कित्येक बायका जवळ लोखंडाचा तुकडा वा कोळसा ठेवीत. कोंबडी दिवसांतून एखादे वेळीं दाणापाण्यास उठे आणि पुन्हां येऊन बसे. आठ-दहा दिवसांनीं अंडें कवडशांत धरून पाहिलें, कीं आंत लाल शिरांचें जाळें दिसे. तें न दिसल्यास अंडें ‘वांझ’ म्हणून काढून टाकावयाचें. एकविसाव्या दिवशीं टोपलींतून चिवचिव ऐकूं येई.

या तीन आठवड्यांत कोंबडी जें करीत असे त्याचा उलगडा शास्त्रानें पुढें केला. अंड्यास सुमारें ३७.५ अंश सेंटिग्रेड, म्हणजे जवळजवळ १०० अंश फॅरनहाइट इतकी ऊब लागते. एखाद-दुसऱ्या अंशाची वाढ दीर्घकाळ राहिली, तरी गर्भ दगावतो किंवा पिलूं अधू निघतें. कोंबडी चोंचीनें अंडीं वारंवार फिरविते; तसें न केल्यास कोंवळा गर्भ कवचाच्या आंतील पापुद्र्यास चिकटून मरतो. कवचास हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून प्राणवायु आंत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. एकवीस दिवसांत अंड्याचें वजन शेंकडा बारा-तेरानें घटावें लागतें. त्या घटीनेंच रुंद टोंकाकडील हवेची पोकळी वाढते. पिलूं बाहेर पडण्यापूर्वीं चोंच प्रथम त्या पोकळींत घालतें, तेथें पहिला श्वास घेतें, आणि मगच कवच फोडूं लागतें. हवा फार कोरडी असल्यास पापुद्रा वाळून पिलास आवळतो. फार दमट असल्यास पोकळी लहान राहते आणि पिलूं आंतच गुदमरतें.

शिरूर-दौंडच्या हवेंत ही कसोटी कडक होते. वैशाखांत येथें पारा चाळीस अंशांच्या आसपास चढतो व दुपारची हवा अगदीं शुष्क होते. सफळ अंडें वीस अंशांच्या खालीं ठेवल्यास गर्भ निद्रिस्त राहतो. पण उन्हाळ्यांतील तापलेल्या घरांत तो अर्धवट जागा होतो, पुरती ऊब न मिळाल्यानें क्षीण होतो आणि रवणीस बसविण्यापूर्वींच मरतो. म्हणून थंड जागीं ठेवलेलीं, आठवड्याच्या आंतलीं अंडीं घ्यावीं आणि हिवाळ्यांतील रवण श्रेयस्कर मानावी, या नियमास येथें विशेष अर्थ आहे. अनुभवी बाईस तापमापक ठाऊक नव्हता, तरी कोणत्या महिन्यांतलीं पिलें जगतात हें पक्कें ठाऊक होतें.

कोंबडीवांचून अंडीं उबविण्याचा प्रयत्नही फार जुना आहे. मिसर देशांतील लोक उकिरड्याच्या उष्णतेनें अंडीं उबवितात, असा उल्लेख ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांत आढळतो. पुढें त्याच देशांत मातीच्या मोठ्या भट्ट्या बांधून एका वेळीं हजारों अंडीं उबविण्याची कला वाढली. तेथील कारागीर अंडें डोळ्याच्या पापणीस लावून उष्णता अजमावीत आणि आपली विद्या मुलांनाच देत. १७४९ सालीं फ्रान्समधील रोमर या शास्त्रज्ञानें या विषयावर ग्रंथ लिहिला. १८७९ च्या सुमारास अमेरिकेंत पेटालुमा येथें लायमन बाइस यानें व १८८१ सालीं इंग्लंडांत चार्ल्स हिअर्सन यानें, दिव्याची उष्णता आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पेट्या तयार केल्या. विसाव्या शतकांत वीज आणि पंखा यांची जोड मिळाली, आणि पेटीचें कोठार झालें.

परंतु या धंद्याच्या वाढीचें खरें रहस्य पिलाच्या पोटांत आहे. जन्मण्याच्या आधीं पिलूं उरलेला बलक आपल्या पोटांत ओढून घेतें आणि त्यावर दोन-तीन दिवस अन्नपाण्यावांचून राहूं शकतें. निसर्गानें ही तरतूद केली ती मागाहून फुटणाऱ्या अंड्यांकरितां. पहिल्या पिलांना भूक लागून आई उठली, तर मागचीं थंड पडतील म्हणून. माणसानें त्याच तरतुदीचा उपयोग पिलें दूरदेशीं धाडण्यास केला. १९१८ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें एक दिवसाचीं पिलें डाकेनें नेण्यास मान्यता दिली. हिंदुस्थानांतही भोंकें पाडलेल्या खोक्यांतून तीं आगगाडीनें व मोटारीनें जाऊं लागलीं. जेथें पिलूं जन्मे तेथेंच वाढे, हा सृष्टीचा क्रम अशा रीतीनें सुटला.

आपल्या देशांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत संयुक्त प्रांतांतील एटा येथें अमेरिकन मिशनऱ्यांनीं सुधारलेल्या कोंबड्यांचा प्रसार आरंभिला. १९३९ सालीं इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधनसंस्थेंत कुक्कुटसंशोधनाचा विभाग निघाला. स्वातंत्र्यानंतर सरकारी उबवणी केंद्रांतून व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींचीं पिलें खेड्यांत जाऊं लागलीं. पुण्याजवळ खडकीचें मध्यवर्ती केंद्र अशांपैकींच एक होय. १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं व्यंकटेश्वर हॅचरीज ही संस्था स्थापिली. पुढें तिचें मुख्य ठाणें पुण्यास आलें. १९८२ सालीं अंड्यांच्या भावासाठीं उत्पादकांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. कालव्याचें पाणी, पुणें-मुंबईची बाजारपेठ आणि चांगले रस्ते यांच्या आधारानें जिल्ह्याच्या या भागांत जाळीच्या भिंतींच्या लांबट शेडा दिसूं लागल्या.

येथेंच खुडुक कोंबडीचें नशीब फिरलें. कोंबडी खुडुक होते तेव्हां तिच्या रक्तांत प्रोलॅक्टिन हा अंतःस्राव वाढतो आणि अंडीं घालणें थांबतें. देशी कोंबडी वर्षांत तीन-चार वेळां असें करिते, म्हणून तिचीं अंडीं वर्षास साठांच्या आसपासच भरतात. न उबविणारी कोंबडीच पिढ्यान्‌पिढ्या निवडीत गेल्यानें तीनशेंच्या घरांत अंडीं देणारी जात निघाली. तिला आपलें अंडें ओळखतां येत नाहीं; यंत्र बंद पडलें, तर तिचा वंशही थांबेल.

यंत्र करितें तें कोंबडीचेंच काम. पहिले अठरा दिवस अंडीं एका कपाटांत तासातासानें कलतीं केलीं जातात. शेवटचे तीन दिवस दुसऱ्या कपाटांत, अधिक दमट हवेंत, तीं स्थिर ठेवितात. वीज गेली तर अंडीं थंड होतील अशी नवशिक्यास धास्ती असते. लहान पेटींत ती खरी. तरी तेथेंही थोडा वेळ पेटी न उघडतां झांकून ठेवल्यास बहुतेक गर्भ तरतात, कारण कोंबडीही दाणा टिपण्यास उठतच असे. मोठ्या यंत्रांत धोका नेमका उलटा. अखेरच्या आठवड्यांत गर्भ स्वतःच उष्णता निर्माण करितात; पंखा थांबला कीं हजारों अंड्यांची ऊब कोंडून तीं भाजून व गुदमरून मरतात. म्हणून उबवणी केंद्रांत दुसरें जनित्र नेहमीं सज्ज ठेवावें लागतें.

जें यंत्रास लागू, तेंच धंद्यास. टोपलींत अंडीं मांडावयाचीं कीं बाजारांत विकावयाचीं, हें बाई त्या दिवशींच्या परिस्थितीवर ठरवी. उबवणी केंद्रांत आज मांडलेलें अंडें एकविसाव्या दिवशीं फुटणारच, मग भाव असो वा नसो. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची साथ आली. २०२० च्या आरंभीं कोंबडीच्या मांसानें करोना पसरतो अशी खोटी वार्ता उठली. दोन्ही वेळां गिऱ्हाईक एकाएकीं नाहींसें झालें. अंडीं मात्र फुटावयाचीं थांबलीं नाहींत, आणि महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं पिलें नष्ट करण्याची पाळी आली. अंड्यांच्या जातींतील नरपिलांचें तर असें संकट नित्याचेंच. रवणींतील कोंबडा नवसास वा पाहुण्यास उपयोगी पडे, येथें त्याला पहिल्या दिवसापलीकडे आयुष्य नाहीं.

तरीही यंत्रास दोष देऊन भागणार नाहीं. त्याच्यामुळेंच अंडें स्वस्त झालें आणि गरिबाच्या मुलांच्या ताटांत आलें. शेतीस जोडधंदा मिळाला. गमावला गेला तो बाईच्या हातचा निर्णय. पण तोही पुरता गेलेला नाहीं. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारलेल्या जाती खेड्यांत आल्या; त्या अधिक अंडीं देतात, पण सहसा खुडुक होत नाहींत. म्हणून जाणती बाई त्यांच्यांत एक-दोन देशी कोंबड्या मुद्दाम राखते, आणि सुधारलेल्या कोंबडीचीं अंडीं त्या खुडुक कोंबडीखालीं मांडते. यंत्रशास्त्रानें जो गुण टाकून दिला, तो तिच्या घरच्या टोपलींत अद्यापि कामाचा आहे. आणि वीज गेली तरी त्या टोपलींतील ऊब जात नाहीं.