जुन्या डिझेल मोटारीचे वाढलेले आयडलिंग

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या किमान स्थिर गतीने फिरत राहते, तिला आयडलिंग म्हणतात. यांत्रिक इंधनपंप असलेल्या जुन्या डिझेल मोटारींत गरम इंजिनासाठी ही गती मिनिटाला साधारणतः ७५० ते ९०० फेरे असते. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

गती वाढण्याचे स्वरूप

पेट्रोल इंजिनाची गती हवेच्या झडपेने आवरली जाते, म्हणून तेथे पहिला संशय हवेच्या गळतीवर येतो. बहुतेक डिझेल इंजिनांत अशी झडप नसते. हवा मुबलक येते आणि गती फवारलेल्या इंधनावर ठरते. ते प्रमाण पंपातील गव्हर्नर राखतो. त्यामुळे पेट्रोल गाडीच्या सवयीने व्हॅक्यूमच्या नळ्या तपासणे बहुधा व्यर्थ ठरते. मर्सिडीजच्या १९५०च्या दशकातील १८० डी सारख्या मोटारी याला अपवाद होत. त्यांचा गव्हर्नर निर्वातावर चालतो. त्याचा पडदा फाटल्यास स्प्रिंग इंधनाची दांडी वाढीकडे ढकलते आणि इंजिनाची गती चढते.

तपासणी

डिझेल इंजिनात ठिणगी नसल्याने अनेक गाड्यांतील फेरेमापक अल्टरनेटरकडून संकेत घेतो. अल्टरनेटरची पुली वेगळ्या मापाची बसवलेली असल्यास काटा चुकतो. म्हणून गती स्वतंत्र फेरेमापकाने पडताळावी.

त्यानंतर ॲक्सिलरेटरची केबल पंपाच्या तरफेपासून सोडवून पाहतात. गती लगेच उतरली, तर दोष केबलमध्ये, पेडलमध्ये किंवा अडकलेल्या मॅटमध्ये असतो. आयडलिंगचा स्क्रू फिरवणे ही सर्वांत प्रचलित आणि बहुतेकदा चुकीची दुरुस्ती होय. केबल ताणलेली असताना तरफ स्क्रूला टेकतच नाही. स्क्रू कितीही सैल केला तरी फरक पडत नाही आणि पुढे केबल नीट केल्यावर गाडी बंद पडू लागते.

थंड इंजिनाची गती मुद्दाम वाढवणारी यंत्रणाही तपासावी लागते. प्यूजोच्या अनेक डिझेल इंजिनांत शीतक पाण्याच्या मार्गात मेणाची संवेदक कुपी व तिला जोडलेली तार असते. इंजिन गरम झाल्यावर ही तार सैल पडली पाहिजे. कुपी निकामी झाल्यास, किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहून पाणी पुरेसे तापत नसल्यास, वाढीव गती कायम राहते.

हे सर्व ठीक असल्यास दोष पंपाच्या आत असतो. पंप चाचणी-बाकावर तपासावा. कमाल गतीचा सीलबंद स्क्रू घरी हलवू नये.

अनियंत्रित गती

गती आपोआप चढतच गेली, तर इंजिन स्वतःचे वंगणतेल जाळत असण्याची शक्यता असते. झिजलेल्या टर्बोच्या सीलमधून किंवा क्रँककेसच्या वायुनळीतून हे तेल हवेच्या मार्गात शिरते. अशा वेळी चावी बंद करून उपयोग होत नाही, कारण चावी फक्त पंपाचे डिझेल तोडते. हवेचे तोंड सपाट फळीने झाकावे. हात लावू नये, ओढ प्रचंड असते. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत सर्वांत वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडल्यासही इंजिन थांबते. पुन्हा सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी, टर्बो व वायुनळी तपासणे आवश्यक असते.