बंपर बदलण्यापूर्वी...

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चारोटी नाक्यापासून पश्चिमेला डहाणू, पूर्वेला कासा-जव्हार आणि उत्तरेला तलासरी आहे. पावसाळ्यात येथील पाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा चिखलाने भरतात. अशा वाटांसाठी 'फोर व्हील ड्राइव्ह' गाडी घेणाऱ्यांना पहिला बदल सुचतो तो बाजारात मिळणाऱ्या पोलादी बंपरचा. तो बसवण्यापूर्वी त्याचे गुणदोष जाणून घेणे आवश्यक आहे.

उपयोग कोणता?
बंपर जमिनीला न टेकता गाडी किती तीव्र चढावर चढू शकते, हे 'ॲप्रोच अँगल'वरून ठरते. २०२०मध्ये आलेल्या महिंद्र थारमध्ये हा कोन मूळ बंपरसह ४१ अंशांहून अधिक आहे. आखूड बंपरने तो वाढतो. मात्र पुढे आलेला, बोजड बंपर तो कमी करतो. पोलादी बंपर व विंच यांमुळे पुढच्या चाकांवर अर्धा क्विंटल किंवा त्याहून अधिक भार पडू शकतो. त्याचा परिणाम सस्पेन्शन आणि ब्रेकवर होतो.

धोका कुठे?
गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळतो, तो आघात शोषून घेण्यासाठीच. थेट चॅसिसला जोडलेला ताठर बंपर हा आघात प्रवाशांपर्यंत पोहोचवतो. एअरबॅग उघडण्याची वेळही त्यामुळे चुकू शकते. पाड्यांवरून बाजाराला, शाळेला निघालेली माणसे रस्त्याच्या कडेनेच चालतात. पादचाऱ्याला पोलादी नळ्यांची धडक अधिक घातक ठरते.

कायदा काय सांगतो?
उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार मनाई आहे. या कलमाचा आधार घेऊन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्ये क्रॅश गार्ड व बुलबारवर कारवाई करण्याची सूचना राज्यांना दिली. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद २०१९च्या दुरुस्तीने केली. विम्याच्या दाव्याच्या वेळीही असा बदल वादाचा ठरू शकतो.

निवड कशी करावी?
उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेला बंपर घ्यावा. त्याने दिवे, नंबरप्लेट वा रेडिएटरकडे जाणारी हवा अडता कामा नये. कडा धारदार नसाव्यात. काही शंका असल्यास आधी परिवहन कार्यालयात विचारावे. चिखलात रुतलेली गाडी काढण्यासाठी बहुतेकांना कंपनीने दिलेला टोइंग हुक आणि चांगला पट्टा पुरतो. दगडांपासून इंजिनाचा बचाव करण्यासाठी खालून लावलेली संरक्षक पट्टी अधिक उपयोगी पडते.

चारोटीजवळच सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. मागे बसलेल्या या दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. आवरलेला वेग आणि सर्वांनी लावलेला सीटबेल्ट यांची जागा कोणताही बंपर घेऊ शकत नाही.