कललेले बीजगणित

दहावीचे बीजगणित संपले की बीजगणितच संपले, असा समज आपल्याकडे पुष्कळ पालकांचा व विद्यार्थ्यांचा असतो. 'अल्जिब्रा' हा शब्द नवव्या शतकातील अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथनामातील 'अल-जब्र' वरून आला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि तेथेच थांबतो. त्यानंतर हजार वर्षांनी या विद्येने जे वळण घेतले तेही तितकेच नवलाचे आहे. त्यातील एका प्रश्नाची हकिगत येथे सांगावयाची आहे. प्रश्न असा : दोन वस्तू एकसारख्या नसतील, तर एकीच्या ज्ञानावरून दुसरीचे ज्ञान मिळवता येईल काय?

१८४३ साली डब्लिन येथे विल्यम हॅमिल्टन यांनी चार घटकांच्या संख्या शोधून काढल्या. त्यांत अ गुणिले ब आणि ब गुणिले अ यांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. एकदा हे बंधन सुटल्यावर नवनवी बीजगणिते निर्माण होऊ लागली आणि 'बीजगणित' या शब्दाचे अनेकवचन करण्याची पाळी आली. प्रत्येकाचे नियम निराळे. मग त्यांची ओळख कशी पटवावी? माणसाची पारख जशी त्याच्या वागणुकीवरून करतात, तशी बीजगणिताची पारख ते इतर वस्तूंवर कसे काम करते यावरून करावी, हा विचार पुढे आला. ज्या वस्तूंवर ते काम करते त्यांना 'मॉड्यूल' म्हणतात. १९२९ सालच्या आपल्या निबंधात एमी नोएथर यांनी हा सारा विषय मॉड्यूलच्या भाषेत मांडून त्याला आजचे रूप दिले. या विदुषीला जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात केवळ स्त्री म्हणून अध्यापनाचा हक्क नाकारण्यात आला होता व त्यांची व्याख्याने काही वर्षे हिल्बर्ट या प्राध्यापकांच्या नावाने जाहीर होत असत. १९१९ मध्ये हक्क मिळाला; १९३३ मध्ये ज्यू म्हणून तो पुन्हा गेला. त्या अमेरिकेस गेल्या व तेथेच १९३५ साली वारल्या.

एखाद्या बीजगणिताची मॉड्यूले असंख्य असतात. परंतु प्रत्येक संख्या जशी मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते, तशी साधारण आकाराची मॉड्यूले काही अविभाज्य तुकड्यांच्या जोडणीतून बनतात. तेव्हा या तुकड्यांची यादी करणे हे खरे काम. १९७२ साली पिएर गॅब्रिएल यांनी त्यासाठी चित्रांचा उपयोग केला. काही बिंदू काढावयाचे, त्यांना बाणांनी जोडावयाचे. प्रत्येक बिंदूवर सदिशांचा एक संच ठेवावयाचा आणि प्रत्येक बाणाला एका संचातून दुसऱ्यात नेण्याचा नियम द्यावयाचा. कोणत्या चित्रांत तुकड्यांची यादी कधीतरी संपते, हे त्यांनी नेमके सांगितले. तीन बिंदू एका ओळीत घेऊन १ कडून २ कडे व २ कडून ३ कडे बाण काढले, तर तुकडे फक्त सहा : १, २, ३, १-२, २-३ आणि १-२-३. वाचकांनी हे सहा तुकडे ध्यानात ठेवावेत, पुढे लागतील. ज्या चित्रांची यादी संपते त्यांत आठ बिंदूंचे एक प्रसिद्ध चित्र आहे, त्याचे तुकडे १२० होतात. बहुतेक चित्रांची यादी मात्र कधीच संपत नाही, आणि अनेकांच्या बाबतीत ती लिहिण्याची आशाही उरत नाही. म्हणूनच एका बीजगणिताचे ज्ञान दुसऱ्यास लावण्याची युक्ती हवी होती.

जपानचे कीती मोरिता यांनी दोन बीजगणितांची मॉड्यूले तंतोतंत जुळतात केव्हा, हे १९५८ मध्येच सांगितले होते. पण तंतोतंत जुळणारे फार थोडे. १९७३ साली मॉस्कोच्या बर्नस्टाइन, गेलफांड आणि पोनोमारेव्ह या तिघांनी निराळेच केले. चित्रातील ज्या बिंदूवर सर्व बाण येऊन थांबतात तेथील बाण त्यांनी उलटे फिरविले. जुन्या चित्रातील एक तुकडा सोडून बाकीचे सर्व नव्या चित्रात सुखरूप पोहोचले. जुळणी पूर्ण नव्हे, 'जवळजवळ' झाली. माझ्या मते या हकिगतीतील सर्वांत मोलाचा शब्द हा 'जवळजवळ' होय. कारण मागे राहिलेल्या त्या एका तुकड्याचे काय झाले, हा प्रश्न त्याने उभा केला.

उत्तरासाठी थोडे बाजूला वळावे लागेल. घड्याळाचा काटा पाच तास पुढे सरकविण्याची क्रिया बारा वेळा केली की तो मूळ जागी येतो. सनाचा आकडा मात्र वाढतच जातो, शून्यावर परत येत नाही. पहिल्या प्रकाराला गणितात 'टॉर्शन' म्हणजे पीळ म्हणतात. हे नाव १९०० च्या सुमारास फ्रान्सच्या प्वांकारे यांच्या पीळदार आकृत्यांच्या अभ्यासातून आले. जे बारा वेळा मिळविल्यावर शून्य होते, ते जेथे शून्य कधीच होत नाही तेथे न्यावयाचे तर त्याला शून्यावरच बसावे लागते. म्हणजे पिळाच्या प्रांतातून मुक्त प्रांताकडे खरा रस्ता नाही. तसेच मिश्र वस्तूत पीळ असलेला भाग तळाशी वेगळा काढता येतो व वर उरते ते मुक्त असते. १९६६ साली स्पेन्सर डिक्सन यांनी घड्याळ आणि संख्या सोडून देऊन नेमक्या या दोन गोष्टी उचलल्या : एका प्रांतातून दुसऱ्याकडे रस्ता नसणे, आणि प्रत्येक वस्तूची अशी फाळणी होणे. हीच 'टॉर्शन जोडी'. एकाच बीजगणिताच्या मॉड्यूलांत अशा अनेक जोड्या असू शकतात.

१९७९ मध्ये अमेरिकेचे मॉरिस ऑस्लँडर, अर्जेंटिनाच्या मारिया इनेस प्लाट्झेक व नॉर्वेच्या इदुन रायटेन यांनी बाण उलटविण्याची ती युक्ती चित्राशिवाय, एका विशिष्ट मॉड्यूलच्या साहाय्याने मांडली. त्याच वर्षी कॅनडातील ओटावा येथे या विषयाची परिषद भरली. तिच्या १९८० मध्ये छापलेल्या कार्यवृत्तात लिव्हरपूलच्या शीला ब्रेनर व मायकेल बटलर यांचा निबंध आहे. त्यांनी या क्रियेला 'टिल्टिंग' म्हणजे कलविणे हे नाव दिले. आलेखाच्या कागदावर बिंदू तसेच ठेवून क्ष-अक्ष आणि य-अक्ष तेवढे कलवावेत. काही बिंदू पहिल्या चरणातून बाहेर जातील, काही नवे आत येतील. तसेच काहीसे येथे घडते. इंग्रजीत त्या शब्दाची रूपे सहज चालतात हेही एक कारण त्यांनी दिले आहे. मराठीतही ती अडत नाहीत : कल, कलता, कललेला. १९८२ साली डीटर हाप्पेल व क्लाउस रिंगेल यांनी 'कललेल्या बीजगणितां'वर सविस्तर निबंध लिहिला आणि विषय स्थिरावला.

मुख्य प्रमेय आपल्या सहा तुकड्यांवर पाहू. त्यांपैकी ३, १-२-३ आणि १ हे तीन निवडावेत. त्यांचे आपसांत नवे सांधे जुळत नाहीत आणि त्यांची संख्या बिंदूंइतकीच आहे. कलविणाऱ्या मॉड्यूलच्या या प्रमुख अटी. आता या तिघांपासून काय काय बनते? ते तिघे स्वतः, आणि १-२-३ च्या तळातील ३ काढून टाकल्यास उरणारा १-२. हे चार एका प्रांतात. तुकडा २ याला ते तिघे कोठेच स्पर्श करीत नाहीत. तो एकटा दुसऱ्या प्रांतात. राहिला २-३. त्याच्या तळाशी ३ आहे तो पहिल्या प्रांताचा, वरचा २ दुसऱ्याचा. म्हणजे तो कोणत्याच बाजूचा नाही, दोघांच्या सरहद्दीवर उभा आहे.

निवडलेल्या तिघांमधील परस्पर नियमांपासून जे नवे बीजगणित तयार होते, त्याचे चित्रही तीन बिंदूंचे व दोन बाणांचेच असते. मात्र तेथे दोन्ही बाण ओळीने चालून गेल्यास उत्तर शून्य यावे, असा कायदा आहे. म्हणून १-२-३ हा लांब तुकडा तेथे चालत नाही. एकूण पाच तुकडे उरतात. सहा आणि पाच, तंतोतंत जुळणी अशक्यच! पण जुन्यातील चार नव्यातील चारांशी जुळतात, एक एकाशी जुळतो, सरहद्दीवरचा तेवढा गळतो. आणि खरी गंमत पुढे आहे. जे चार जुन्या घरी पिळाच्या बाजूस होते ते नव्या घरी मुक्त बाजूस बसतात, आणि मुक्त असलेला तो एकटा पिळाच्या बाजूस जातो. जागांची अशी अदलाबदल प्रत्येक टिल्टिंगमध्ये होते. मॉस्कोच्या तिघांचा मागे राहिलेला तुकडाही हरवला नव्हता. तो दुसऱ्या वाटेने पलीकडे जाऊन बसला होता. पुढे हाप्पेल यांनी, आणि १९८९ मध्ये जेरेमी रिकार्ड यांनी अधिक व्यापकपणे, दाखविले की मॉड्यूलांऐवजी त्यांच्या साखळ्यांचा विचार केला तर दोन्ही घरे पूर्णपणे एकच ठरतात.

एक त्रुटी मात्र राहिली होती. निवडलेल्या तिघांतून ३ काढला तर त्याच्या जागी १-२ बसू शकतो. म्हणजे त्या जागेचे दावेदार दोन. पण १-२-३ काढला तर त्याच्या जागी तोच परत घ्यावा लागतो, दुसरा कोणीही बसत नाही. कोठे दोन, कोठे एक, हा पंक्तिभेद गणितज्ञांना बरीच वर्षे खटकत होता. २००६ साली पाच जणांनी, त्यांत पुन्हा रायटेन होत्याच, 'क्लस्टर' नावाच्या नव्या विषयाच्या संदर्भात एका विस्तीर्ण घरात तो दूर केला. २०१४ मध्ये आदाची, इयामा आणि रायटेन यांनी मूळ मॉड्यूलांच्या घरातच नियम किंचित सैल केला : एखादा बिंदू रिकामा ठेवून तो रिकामा असल्याची नोंद केली तर तीही एक निवड मानावी. आता १-२-३ च्या जागेलाही नेमके दोन दावेदार झाले, एक तो स्वतः आणि दुसरी बिंदू २ ची ती रिकामी जागा.