इंजिन बदललं, हवा कुठे गेली?

एसी थंड करतोय, ब्लोअरचा आवाजही येतोय, पण समोरच्या जाळीतून हवाच लागत नाही. नाना पेठेतल्या माझ्या गॅरेजमध्ये अशी तक्रार घेऊन गाडी आली की गॅस तपासण्याआधी माझा एक प्रश्न ठरलेला असे : इंजिनाला शेवटचा हात कोणी लावला, आणि काय केलं? गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. इंजिनाचा आणि जाळीतल्या हवेचा काय संबंध, असं त्याला वाटायचं. संबंध आहे, आणि त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. हाताखालच्या पोरांना मी तो इतिहास आधी सांगायचो, पाना नंतर हातात द्यायचो.

पेट्रोल इंजिन नुसतं चालू ठेवलं की थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन मात्र खाली जाताना हवा ओढतच असतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ तयार होते. आम्ही तिला व्हॅक्यूम म्हणतो आणि पाऱ्याच्या इंचांत मोजतो. धडधाकट इंजिन आयडलला साधारण 17 ते 22 इंच दाखवतं. ही ओढ आयतीच मिळत असल्यामुळे गाड्या बनवणाऱ्यांनी तिला फार लवकर कामाला जुंपलं.

पहिलं मोठं काम वायपरचं. अमेरिकेत बफेलो शहरात जॉन ओइशे नावाच्या माणसाच्या गाडीची 1917 साली पावसात एका सायकलस्वाराला धडक बसली. त्यातून त्याने काच पुसण्याचा धंदा काढला, तीच पुढची ट्रिको कंपनी. तिचे व्हॅक्यूमवर चालणारे वायपर अमेरिकन गाड्यांवर कित्येक दशकं राहिले. त्यांचा एक दोष जुन्या पेट्रोल जीपवाल्यांनी आपल्या घाटातही सोसला आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडतो, ओढ संपते, आणि ऐन पावसात वायपर काचेवर मधेच थांबतो. खंबाटकीचा घाट चढताना जुने ड्रायव्हर क्षणभर पाय उचलायचे तो यासाठी. पाय उचलला की वायपर एक फेरा मारायचा, मग पुन्हा चढ. इंजिनाच्या जिवावर चालणारी सोय इंजिनावर ताण आला की आधी सुटते, हे त्या पिढीला पुस्तकाशिवाय कळलं होतं.

एसी त्यानंतर आला. पॅकार्ड कंपनीने 1940 च्या मॉडेलवर तो कारखान्यातूनच बसवून दिला, पण यंत्रणा मागे डिकीत होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी नको असेल तर गाडी थांबवून बेल्टच काढून ठेवायचा! 1954 मध्ये नॅश कंपनीने हीटर आणि एसी एकत्र करून पुढे आणले. मग हवा कुठे सोडायची हा प्रश्न आला : तोंडावर, पायांवर की काचेवर. त्यासाठी डॅशबोर्डच्या आत झडपा आल्या. साठच्या दशकात मोठ्या अमेरिकन गाड्यांत या झडपा केबलऐवजी व्हॅक्यूमने हलू लागल्या. बोटाएवढ्या जाडीच्या पाइपाचीही गरज नव्हती. बारीक रबरी नळ्या आणि त्यांच्या टोकाला डायफ्रॅमचे छोटे डबे, एवढ्यावर काम भागलं.

त्या कारागिरांचं मला सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते एका निर्णयासाठी. व्हॅक्यूम गेला तर काय, याचा त्यांनी आधीच विचार केला होता. डायफ्रॅमच्या मागे स्प्रिंग असते. ओढ संपली की स्प्रिंग झडपेला अशा जागी ढकलते की सगळी हवा पुढच्या काचेकडे जाते. ड्रायव्हरला उकडलं तरी चालेल, समोरचं दिसलं पाहिजे. शिवाय ॲक्सिलरेटर दाबल्यावर ओढ क्षणभर कमी होते, तेव्हा पुरवायला एक साठ्याची टाकी आणि उलट हवा जाऊ न देणारा एकमार्गी व्हॉल्व्ह. सुरुवातीला पत्र्याचा डबा, नंतर काळ्या प्लास्टिकचा गोळा. बॉनेट उघडून तो गोळा काय करतो हे मी विचारलं, तर अनेक चांगल्या इंजिन मिस्त्रींना सांगता आलं नाही.

गडबड सुरू झाली ती इंजिनात बदल करणाऱ्यांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात तरुण पोरं जुन्या गाड्या जोरात पळवण्यासाठी इंजिनं खोलू लागली. एड इस्केंडेरियन याच्यासारख्यांनी खास कॅमशाफ्ट घासून देण्याचा व्यवसायच उभा केला. अशा कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. वरच्या आरपीएमला ताकद वाढते, पण आयडलला जळलेला वायू मागे मॅनिफोल्डमध्ये शिरतो आणि व्हॅक्यूम 10-12 इंचांवर येतो, कधी त्याहून खाली. मग स्प्रिंग जिंकते. गाडी मोकळ्या रस्त्यावर असेपर्यंत हवा तोंडावर येते, सिग्नलला थांबली की काचेकडे वळते. टर्बो लावला तर आणखी वेगळं. तिथे जोर दिला की मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब तयार होतो, आणि एकमार्गी व्हॉल्व्ह गळका असेल तर तो दाब थेट झडपांच्या नळ्यांत घुसतो.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या कारणाने घडली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट असो की पुढची मारुती 800, माझ्या हाताखालून गेलेल्या या गाड्यांच्या झडपा तारेच्या केबलने हलायच्या, त्यामुळे व्हॅक्यूमची भानगड नव्हती. पण जुन्या अमेरिकन गाड्या होत्या. इम्पाला, डॉज, प्लिमथ. 1973 नंतर पेट्रोल महागलं आणि त्यांची मोठी इंजिनं मालकांना परवडेनात. अनेकांनी ती काढून डिझेल इंजिनं बसवली. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, हवा मोकळी आत जाते, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये कामाची ओढच नाही. म्हणून डिझेल गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुधा अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला जोडलेला.

लग्नाच्या भाड्याला फिरणारी अशीच एक लांबलचक गाडी मे महिन्यात माझ्याकडे आली होती. डिझेल इंजिन दुसऱ्या गावच्या गॅरेजने बसवलेलं. एसीची कॉइल बर्फासारखी गार, ब्लोअर जोरात, आणि मागे बसलेली नवरी घामाने भिजलेली. मी पुढच्या काचेच्या बुडाशी हात धरला. सगळा गारवा तिथून वर जात होता. बॉनेट उघडलं तर डॅशबोर्डकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात स्क्रू ठोकून ती बंद केलेली. पंप होता, पण तो फक्त व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला जोडला होता. त्या गॅरेजने ब्रेकची काळजी घेतली, हे मी त्यांच्या बाजूने सांगेन, कारण काही गाड्यांत तेही केलेलं नसायचं आणि ब्रेक दगडासारखा घट्ट लागायचा. मी त्या पंपाच्या लाइनला टी जोडली, झडपांच्या फाट्यावर स्वतंत्र एकमार्गी व्हॉल्व्ह आणि टाकी दिली. स्वतंत्र व्हॉल्व्ह अशासाठी, की उद्या डॅशबोर्डमधली एखादी नळी फाटली तरी बूस्टरमध्ये साठलेली ओढ तिकडे पळू नये.

म्हणून माझ्याकडे तपासायचा क्रम ठरलेला होता. आधी हात फिरवायचा : काचेपाशी, पायांपाशी, जाळीपाशी. हवा दुसरीकडे जातेय की कुठेच पुरेशी नाही, हे एका मिनिटात कळतं. दुसरीकडे जात असेल तर मॅनिफोल्डवर व्हॅक्यूम गेज लावायचं, मग हातपंपाने एकेका डायफ्रॅमला 15 इंच ओढ देऊन सुई टिकते का बघायचं. सुई घसरली तर डायफ्रॅम फाटलाय. सुई टिकली आणि झडप हलली, तर दोष मागे इंजिनाकडे आहे.

कुठेच पुरेशी हवा नसेल तर व्हॅक्यूम विसरायचा. इंजिन उतरवताना बॉडी आणि इंजिन यांच्यातली अर्थची पट्टी सुटते आणि बसवताना ती राहून जाते, हे मी कितीदा पाहिलं. दिवे लागतात, गाडी चालू होते, पण ब्लोअरला पुरता करंट मिळत नाही. मोटरच्या टोकांवरच व्होल्टेज मोजा, बॅटरीवर मोजून उपयोग नाही. आणि अर्ध्या तासाने हवा कमी होत असेल, एसी बंद ठेवल्यावर परत येत असेल, तर कॉइलवर बर्फ धरतोय. तिथे इंजिनाला दोष देऊ नका.

हा बिघाड सापडत नाही याचं खरं कारण आमच्या धंद्याच्या वाटणीत आहे. इंजिनवाला वेगळा, वायरिंगवाला वेगळा, एसीवाला वेगळा. इंजिनवाला नळी बंद करतो कारण ती त्याच्या कामाची नाही. एसीवाला नुसता गॅस भरतो कारण नळी त्याच्या कामाची नाही. मधल्या मधे गिऱ्हाइकाचे पैसे जातात. नव्या गाड्यांत झडपा छोट्या इलेक्ट्रिक मोटरींनी हलतात, त्यामुळे हे दुखणं कमी झालं, पण जुन्या गाड्या नव्याने सजवण्याची हौस आता वाढते आहे आणि त्यांच्या डॅशबोर्डमागे त्याच नळ्या आहेत.

तेव्हा जुन्या गाडीचं इंजिन बदलायला देणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सत्तरच्या दशकापासूनच्या अनेक अमेरिकन गाड्यांच्या बॉनेटखाली व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असतो. रंगकाम करताना तो रंगाखाली जातो. गाडी गॅरेजमध्ये सोडण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, आणि नवं इंजिन बसल्यावर प्रत्येक नळी कुठे गेली ते मिस्त्रीकडून बिलावर लिहून घ्या.