टाचेतल्या रक्ताचा ठिपका

बाळाची टाच आधी कोमट फडक्यानं शेकायची. मग कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसायचा आणि दुसरा गाळणकागदावरच्या छापील गोलात एकाच बाजूनं जिरू द्यायचा. कार्ड सावलीत, आडवं, तीन-चार तास वाळवायचं. पुण्याच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं या कामात गेली. नव्या मुलींना काम शिकवताना मी कार्डाची हकिगतही सांगते.

बफेलोच्या डॉ. रॉबर्ट गथ्रींचा मुलगा बौद्धिक अपंगत्व घेऊन जन्मला होता. नात्यातल्या एका मुलीला फेनिलकीटोन्यूरिया होता. हा विकार पहिल्या काही आठवड्यांत कळला, तर नुसत्या पथ्यानं मेंदू वाचतो. १९६०च्या सुमारास गथ्रींनी युक्ती काढली: वाळलेल्या ठिपक्याची चकती जिवाणूंच्या थाळीत ठेवायची. या विकारात साचणारं फेनिलॲलनिन रक्तात जास्त असेल तर चकतीभोवती जिवाणू माजतात. रक्ताचा कागद टपालानं पाठवता येऊ लागला आणि देशोदेशी बाळांची तपासणी सुरू झाली. तपासणी झाल्यावरही कित्येक ठिकाणी कार्डं जपून ठेवली गेली. ती पुढं रक्ताच्या कर्करोगाबद्दल बोलतील, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या मेल ग्रीव्ह्स यांच्या गटाला जुळ्यांनी वाट दाखवली. १९९३मध्ये दिसलं की एकसारख्या जुळ्यांच्या आजारी पेशींत जनुकाची मोडतोड नेमकी एकाच जागी आहे. ती एकाच्या पेशीत झाली आणि सामाईक वारेतून दुसऱ्याकडे गेली, एवढाच त्याचा अर्थ लागत होता. मग त्यांनी आजारी मुलांची जन्मवेळची कार्डं मागवली. १९९७मध्ये तान्हेपणी आजारी पडलेल्यांच्या ठिपक्यांत तीच खूण सापडली. १९९९मध्ये दोन ते पाच वर्षांचे असताना आजारी पडलेल्यांच्या ठिपक्यांतही दुसरी एक खूण मिळाली: बाराव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांवरची दोन जनुकं एकमेकांना जोडलेली. म्हणजे आजाराची पहिली पायरी पोटातच पडलेली होती.

पण पहिलीच. २००२मध्ये नाळेचं रक्त तपासलं, तर शंभरात सुमारे एका बाळात हा जोड होता. त्यातल्या बहुतेकांना पुढं काहीही होत नाही. जन्मानंतर आणखी बिघाड व्हावे लागतात.

हा जोड आईबापांकडून येत नाही, हे मी मुलींकडून घोकून घेते. रक्तविभागात असताना हा आजार झालेल्या मुलाच्या आईनं मला विचारलं होतं, "ताई, ग्रहणात मी विळी हातात घेतली, त्यानं का हो?" तिच्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी दोघींना सांगितलं की पेशी एकीच्या दोन होतात तेव्हा अशी चूक आपोआप होते, त्यात कुणाचा हात नसतो. वारशानं जे येतं ते वेगळं. २००९मध्ये दोन गटांनी एआरआयडी५बी आणि आयकेझेडएफ१ या जनुकांमधले फरक शोधले. ते कोट्यवधी निरोगी माणसांतही असतात आणि धोका साधारण दीडपट करतात. दोन हजार मुलांत एकाला होणारा हा आजार दीडपटीनंही दुर्मीळच राहतो.

कार्डं जपण्याला माझा ठाम पाठिंबा आहे, पण आईबापांना विचारून. टेक्सासमध्ये न विचारता साठवली, पालक न्यायालयात गेले आणि पन्नास लाखांहून जास्त ठिपके नष्ट करावे लागले. म्हणून आमच्याकडच्या मुलींना मी टोचण्याआधी संमतीचा कागद मराठीत वाचून दाखवायला लावते, त्यातलं साठवणुकीचं कलम तर दोनदा.