मोजणारे कोण, मोजले काय? दख्खनच्या माळावरील शिकारी आणि पाखरांची गणना

१. अमेरिकेत रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एक मोजणी होते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात माद्या आणि त्यांच्यामागे चालणारी पिले किती दिसली, याच्या नोंदी शिकारी आणि गावकरी वनखात्याला कळवतात. एका मादीमागे पिले किती, यावरून पुढील हंगामाचा अंदाज बांधला जातो. हाच प्रश्न नांदेड-लातूरच्या माळाला विचारला तर? येथे शिकार हजार वर्षे झाली. शिकारीपूर्वी पाखरे कोणी मोजली?

२. आधी भूमी पाहू. बालाघाटच्या पठारावर, मांजरा आणि मन्याड नद्यांच्या खोऱ्यांवरील उंचवट्यावर काळ्या रानाशेजारी उथळ मातीचे विस्तीर्ण माळ होते. पावसाळ्यात तेथे कुसळी, पवन्या, मारवेल वाढे. घनदाट अरण्य किनवटकडे. बाकी मुलूख गवताचा. या गवतात माळढोक, तणमोर, तित्तर, लावा आणि पखुर्डी अशी जमिनीवर वावरणारी व जमिनीवरच अंडी घालणारी पाखरे राहत. टर्कीप्रमाणेच हीही शिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर चालणारी पाखरे.

३. या मुलखातील शिकारीचे लिखित ज्ञान फार जुने आहे. लातूरच्या दक्षिणेला असलेले कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही उत्तर चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सुमारे ११२९ चा. राजाच्या करमणुकींत त्यात मृगया येते, ससाण्यांकडून होणारी पाखरांची शिकार येते, लावा पक्ष्यांच्या झुंजीही येतात. पक्ष्यांच्या सवयींचे बारीक निरीक्षण या ग्रंथात आहे. मात्र रानात पाखरे किती, हा प्रश्न त्यात पडलेला नाही. राजाच्या रानात पाखरे असणारच, हे गृहीत होते.

४. नांदेडच्या स्मृतीतही शिकार आहे. गोदावरीकाठी शीखांचे दहावे गुरू गुरू गोविंदसिंह १७०८ मध्ये मुक्कामाला होते आणि तेथेच त्यांचे निर्वाण झाले. शहराजवळच्या एका गुरुद्वाऱ्याचे नावच शिकारघाट आहे. गुरू तेथे शिकारीस येत, अशी परंपरा सांगते. एखाद्या ठिकाणाला शिकारीवरून नाव पडावे, इतके रान तेव्हा शहराच्या उंबरठ्याशी होते.

५. आकड्यांची नोंद ठेवण्याचा हव्यास मात्र मोगल दरबारात दिसतो. जहांगीर बादशहाने आपल्या वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा हिशेब अधिकाऱ्यांकडून काढवला आणि आत्मचरित्रात नोंदवला. त्याच्या समक्ष २८,५३२ जनावरे व पक्षी मारले गेले. त्यांतील १७,१६७ त्याने स्वतः मारले. त्यात चतुष्पाद ३,२०३ आणि पक्षी १३,९६४. पक्ष्यांत एकट्या पारव्यांची संख्या १०,३४८.

६. इतका काटेकोर हिशेब त्या काळच्या जगातही विरळा. पण तो कशाचा आहे, हे पाहिले पाहिजे. हा मेलेल्या पाखरांचा हिशेब आहे. रानात मागे काय उरले, ते यातून कळत नाही. शिकाऱ्याची वही आणि रानाची वही या दोन वेगळ्या वह्या आहेत. पुढील तीनशे वर्षे दख्खनमध्ये पहिली वही भरत गेली आणि दुसरी कोरीच राहिली.

७. याचे सर्वांत बोलके उदाहरण अहमदनगरचे. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांपासून कंपनी राज्याच्या आरंभापर्यंत, १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत, रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने त्या भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. वर्षाला सरासरी ४८, महिन्याला चार. दख्खनची पाहणी करणारा अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यानेही लिहून ठेवले की, हा पक्षी येथे विपुल आहे आणि एका गृहस्थाने हजारभर मारले आहेत. मारलेल्यांचा आकडा हाच विपुलतेचा पुरावा मानला गेला.

८. हा पुरावा फसवा का, ते माळढोकाच्या जीवनक्रमात दडले आहे. टर्कीची मादी एका विणीत दहा-बारा अंडी घालते. माळढोकाची मादी सहसा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कोल्हा, मुंगूस, कावळा आणि गुरांचे खूर यांतून ते वाचले, तर एक पिल्लू. म्हणजे वर्षाला ४८ पक्षी भरून निघायला ४८ यशस्वी विणी हव्यात, आणि त्या केवळ एका बंदुकीपायी. आयुष्य दीर्घ असल्यामुळे प्रौढ पक्षी अनेक वर्षे दिसत राहतात. शिकाऱ्याला वाटते, पाखरे आहेत. प्रत्यक्षात मागची पिढी येणे थांबलेले असते. मादीमागे पिले किती, हा अमेरिकेतील शिकाऱ्याचा साधा प्रश्न येथे विचारला गेला असता, तर धोका शंभर वर्षे आधी दिसला असता.

९. तणमोराची गोष्ट आणखी करुण. आकाराने कोंबडीएवढा हा पक्षी पावसाळ्यात विणीला येतो. काळा-पांढरा नर उंच गवतातून एकाएकी माणसाच्या उंचीइतका उसळी घेतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात बुडतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या. मादीला बोलावण्याची ही रीत. एरवी गवतात न दिसणारा पक्षी त्यामुळे शिकाऱ्याला आयता सापडे. जे निरीक्षण मोजणीसाठी सर्वोत्तम, तेच नेमबाजीसाठीही सर्वोत्तम ठरले. उडी मोजायची की उडीवर बार टाकायचा, एवढाच प्रश्न होता; बहुतेकांनी बार टाकला.

१०. तरीही सगळे शिकारी एका माळेचे मणी नव्हते. थॉमस जेर्डन हा मद्रास सैन्यातील शल्यवैद्य. निजामाच्या मुलखातील जालन्याच्या परिसरातील निरीक्षणे त्याच्या लेखनात येतात. त्याचे ‘भारतातील पक्षी’ हे खंड १८६२ ते १८६४ या काळात निघाले. पुढे ॲलन ह्यूम याने देशभरातील अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार करून कोणता पक्षी कोठे, कोणत्या महिन्यात, किती संख्येने दिसतो याची माहिती जमवली. मार्शल याच्यासह त्याने १८७९ ते १८८१ या काळात शिकारी पक्ष्यांवरील तीन खंड प्रसिद्ध केले. १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ह्यूम तो हाच.

११. ह्यूमचे पत्रजाळे म्हणजे शिकाऱ्यांच्या निरीक्षणांची या देशातील पहिली मोठी संघटित जमवाजमव. विणीच्या हंगामातील शिकारीमुळे तणमोर घटतो आहे, ही चिंता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकाऱ्यांच्याच लेखनात उमटू लागली होती. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. संस्थेच्या नियतकालिकात कित्येक दशके शिकाऱ्यांची टिपणे छापली जात. आज आपल्याला जुन्या माळांविषयी जे काही ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग या टिपणांतूनच येतो, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

१२. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात. नांदेड हा जिल्हा होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, तर उदगीर बिदर जिल्ह्यात मोडे. या संस्थानातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर पाहणी १९३१-३२ मध्ये सालिम अली यांनी केली. ती त्यांची पहिलीच प्रादेशिक पाहणी. तीत नमुन्यांसाठी पक्षी मारले जात, हे खरे. पण हेतू बदलला होता. कोणता पक्षी कोठे आहे, हे आता शिकारीच्या पिशवीवरून ठरत नव्हते. एक माणूस मुद्दाम फिरून ते पाहत होता.

१३. या साऱ्या कागदपत्रांत एक मोजणारा कोठेच नाही, आणि तोच सर्वांत जाणकार होता. तो म्हणजे फासेपारधी. बंदूक न वापरता फासे आणि जाळी लावणारा, शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडून सरकणारा, पाळलेल्या तित्तराला पिंजऱ्यात ओरडायला लावून रानचे तित्तर बोलावणारा हा समाज. त्याचे पोट त्याच्या अंदाजावर चाले. कोणत्या माळावर तित्तरांचे किती थवे, कोठे घरटी, कोठे यंदा फासे लावण्यात अर्थ नाही, हे हंगामापूर्वी कळले नाही तर कुटुंब उपाशी. शिकारीपूर्वीची मोजणी दख्खनमध्ये झालीच असेल, तर ती पारध्याच्या डोक्यात झाली.

१४. ही कविकल्पना नाही. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले यांच्या शिकारीचा अभ्यास केला. प्रत्येक समाजाची शिकार वेगळी, साधने वेगळी. त्यामुळे एकाच रानात परस्परांशी फारशी स्पर्धा होत नसे. फाशात अडकलेली गाभण हरिणी आणि पाडस सोडून देण्याची रीत फासेपारधी सांगत. पुढच्या वर्षीचे रान आज राखायचे, हा या रीतीतला हिशेब. टर्कीच्या पिलांची मोजणी करणारे खातेही याच हिशेबावर चालते.

१५. मग हे ज्ञान कागदावर का आले नाही? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश हद्दीत अनेक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा मार्ग मोकळा केला, आणि पुढे पारधीही त्या शिक्क्याखाली आले. ज्याने पोलिसांपुढे हजेरी द्यायची, त्याची साक्ष निसर्गाच्या वहीत कोण लिहून घेणार? साहेबाच्या शिकारीत वाट दाखवायला तो असे. छापील टिपणात त्याचे नाव नसे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. शिक्का मात्र समाजाच्या मनातून पुसला गेला नाही.

१६. १९४८ नंतर संस्थान गेले, शिकारीचे राखीव हक्क गेले. जीप आणि बंदूक मात्र अधिक हातांत आली. त्याहून मोठा घाव जमिनीवर पडला. गवताळ माळाला महसुली भाषेत ‘पडीक’ म्हणत. पडीक म्हणजे नांगरायची, नाहीतर झाडे लावायची, नाहीतर वाटून टाकायची जमीन. विहिरी खोल गेल्या, ऊस आला, पुढे लातूर-नांदेडच्या रानांत सोयाबीन आले. शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. कोरडवाहू मुलखात त्यालाही जगायचे होते. पण माळावर कोणी राहत होते, हे कोणत्याही सातबाऱ्यावर लिहिलेले नव्हते.

१७. रानाची वही उघडली गेली ती फार उशिरा. भावनगरच्या राजघराण्यातील धर्मकुमारसिंहजी ससाणे बाळगणारे, शिकारीच्या परंपरेत वाढलेले पक्षीतज्ज्ञ. १९६९ च्या सुमारास देशात माळढोक अंदाजे १,२६० असल्याचे त्यांनी मांडले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले; कागदोपत्री त्याचा विस्तार तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेकडो गावे आणि शेते होती. खरेदी-विक्री अडली, लोकांचा रोष वाढला आणि पुढे क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटवावे लागले. २०१८ च्या सुमारास देशभरातील माळढोक सुमारे १५० उरले होते. एकट्या मॅन्सफील्डने मारलेल्यांच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी.

१८. अमेरिकेत उलटे घडले. तेथेही एकोणिसाव्या शतकात बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने रानटर्की बहुतेक राज्यांतून नाहीशी झाली होती. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. उरलेले पक्षी पकडून रिकाम्या रानांत सोडले गेले, हंगाम आणि संख्या यांवर बंधने आली, आणि शिकाऱ्याचे निरीक्षण सरकारी नोंदीचा भाग झाले. आज तेथे टर्की लाखोंच्या संख्येत आहेत. ज्याला रान कळते त्याला मोजणीत सामील करून घेतले, हा या यशाचा एक पाया.

१९. हा धडा जसाच्या तसा येथे उतरवता येणार नाही. आपल्याकडे शिकारबंदी आहे आणि एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत ती योग्यच आहे. पण बंदीने शिकार थांबते. ज्ञान जपले जात नाही. मराठवाड्याच्या शेजारी, अकोला-वाशीम भागात, ‘संवेदना’ या संस्थेसोबत फासेपारध्यांनी गवताळ रानांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. ज्यांचे आजोबा तणमोरासाठी फासे लावत, त्यांचे नातू त्याच गवतात तणमोराची चाहूल घेऊ लागले. आययूसीएनने २०२१ मध्ये तणमोराला अतिसंकटग्रस्त ठरवले. अशा पक्ष्यासाठी गवतातली हालचाल ओळखणारा प्रत्येक डोळा मोलाचा आहे.

२०. कल्याणीच्या राजाने पाखरांचे वर्णन केले, बादशहाने मेलेली मोजली, साहेबाने मारलेल्यांवरून विपुलता ठरवली, आणि ज्याला जिवंत पाखरांचा अंदाज होता त्याला कोणी विचारले नाही. नांदेड-लातूरकडे आजही काही माळ शिल्लक आहेत. पहिल्या पावसानंतर तेथे तित्तर ओरडतात, लावे उडतात. त्यांची संख्या सांगू शकणारी वयोवृद्ध पारधी माणसेही अजून आहेत. माळ नांगरला गेला तर पुन्हा गवत येण्यास वर्षे लागतात. ही माणसे गेली तर त्यांच्या डोक्यातली वही परत मिळणार नाही.