सिकलसेल : १९४८ ते २०२३

नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने जगातील पहिल्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. तो सिकलसेलवरील होता. त्याचे मूळ मात्र १९४८मधील एका साध्या निरीक्षणात आहे. सिकलसेलचा दोष घेऊन जन्मलेल्या अर्भकांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी थोड्याच आढळतात, हे अमेरिकेतील डॉ. जॅनेट वॉटसन यांनी नोंदवले. त्यामागे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे संरक्षण असावे, असे त्यांनी सुचवले.

पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रातील हिमोग्लोबिनची गती मोजून हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. १९५८मध्ये शुक्ला व सोलंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरील शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. १९९५च्या चाचणीत हायड्रॉक्सियुरिया या औषधाने प्रौढ रुग्णांतील वेदनेचे झटके सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. हे औषध गर्भहिमोग्लोबिन वाढवते. नवा उपचारही तेच साधतो : मूळ दोष तसाच ठेवून, गर्भहिमोग्लोबिनला रोखणाऱ्या बीसीएल११ए जनुकाचा रक्ताच्या मूळपेशींतील प्रभाव कमी करतो.

अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. छत्तीसगडमधील आदिवासी कुटुंबाला ती कल्पनेपलीकडची. म्हणूनच रायपूरची सिकलसेल संस्था आणि जुलै २०२३मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय निर्मूलन अभियान यांचे मोल मोठे. वॉटसन यांचे तत्त्व स्वस्त औषधातही आहे. पण त्यासाठी मुलाच्या रक्ताची तपासणी वेळेत व्हायला हवी.